फ्रीस्टाइलला एका लांबीतच दम का लागतो? (आणि एकूणच पोहण्याच्या पद्धतींबद्दल)

काठावरचा

मला पोहता येतं, म्हणजे बुडत नाही. लहानपणी मान वर काढून बेडकासारखे पाय मारत शिकलो, तेच आजवर चालू आहे आणि तसं पोहत मी बराच वेळ आरामात पाण्यात असतो. आता रीतसर फ्रीस्टाइल शिकायला घेतली आहे. २५ मीटरची एक लांबी कशीबशी पार पडते आणि काठ धरला की तोंडातून शब्द फुटत नाही, इतकी धाप. शिकवणारे म्हणतात, "पाय जोरात मारा." जोरात मारले की दम आणखी लवकर जातो. शेजारच्या पट्टीत माझ्याहून वयाने आणि पोटाने मोठे असलेले एक गृहस्थ संथपणे येरझाऱ्या घालत असतात, शिंतोडासुद्धा उडत नाही. त्यांच्याकडे बघून जास्तच चिडचिड होते.

तर नेमकं काय बिघडतंय? आणि त्या निमित्ताने स्पर्धेतल्या चारही पद्धतींबद्दल (फ्रीस्टाइल, उताणं पोहायची बॅकस्ट्रोक, बेडकासारखी ब्रेस्टस्ट्रोक आणि दोन्ही हात एकदम हवेतून पुढे टाकायची बटरफ्लाय), शिवाय स्पर्धेत नसलेल्या कुशीवरच्या वगैरे पोहण्याबद्दल, जाणकारांनी सविस्तर लिहावं. "व्हिडिओ बघा" हे उत्तर नको. भरपूर बघून झालेत.

पाणसळ

तुम्ही पाण्यात श्वास सोडत नाही आहात. न बघता सांगतो.

बहुतेक मोठ्या माणसांचं हेच होतं. तोंड पाण्यात असताना श्वास कोंडून धरायचा, मान वळली की त्या अर्ध्या सेकंदात सोडायचाही आणि घ्यायचाही. दोन्ही अर्धवट होतं. छातीत जुनी हवा साठत जाते, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि जीव घाबरा होतो. आपल्याला "श्वास घे" म्हणून ढोसणारा हा वायू असतो, प्राणवायूची कमतरता नव्हे. म्हणून तोंड पाण्यात गेल्याबरोबर नाकातोंडातून बुडबुडे चालू झाले पाहिजेत, सतत आणि सावकाश. मान वळेल तेव्हा फक्त आत घ्यायचं काम उरलं पाहिजे.

दुसरी गोष्ट पायांची. मांड्यांचे स्नायू शरीरातल्या सर्वात मोठ्या स्नायूंपैकी, त्यांना प्राणवायूही तसाच लागतो. फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेण्याचं बहुतांश काम हात करतात. लांब पल्ल्याचे अनेक पोहणारे दोन हातांच्या एका फेऱ्यामागे दोनच लाथा मारतात, कमी अंतराच्या शर्यतीत सहा. तुम्हाला २५ मीटर सलग जायचंय, शर्यत जिंकायची नाही. पाय शरीर सपाट ठेवण्यापुरते हलू द्या. लाथ गुडघ्यातून मारू नका, कमरेपासून मारा, आणि घोटा सैल सोडा. धावणाऱ्या लोकांचे घोटे ताठ असतात. फळी धरून त्यांना नुसते पाय मारायला सांगितले तर काही जण जागेवरच राहतात, एखादा चक्क मागे सरकतो.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वात मोठी: डोकं. समोर बघत पोहता ना? डोकं वर आलं की कंबर खाली जाते. फुप्फुसांत हवा असल्यामुळे छाती तरंगते, पायाकडे मात्र हाडं आणि स्नायू. त्यामुळे पाय आपसूक बुडतात आणि माणूस तिरका होतो. तिरकं अंग म्हणजे पाण्याला मोठा आडवा पृष्ठभाग. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट आहे, ते हा हिशोब चुकता करतं. शिवाय पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट करायचा तर विरोध चौपट, आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपट. जोर लावून वेग वाढवणं हा पाण्यातला सर्वात महाग मार्ग आहे. आडवं होणं फुकट आहे.

नजर सरळ तळाकडे ठेवा. मानेची मागची बाजू लांब. टोपीचा मागचा भाग पाण्याबाहेर राहिला की पुरे.

निरंजना

वाचतेय. पण मग बेडूक पद्धतीत दम का लागत नाही? तिथे तर पाय केवढे मारावे लागतात.

पाणसळ

निरंजना, कारण तिथे दर हाताला डोकं वर येतंच, श्वासाची वेळ ठरलेली असते, आणि लाथ मारल्यावर घसरत जायला मोकळा वेळ मिळतो. कुणी घाई करत नाही.

पण पद्धत म्हणून ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे हीच बेडूक पद्धत, चारांत सर्वात हळू आहे. फ्रीस्टाइल, बटरफ्लाय आणि बॅकस्ट्रोकमध्ये हात पुढे येतो तो हवेतून. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हातही पाण्यातूनच पुढे न्यायचे आणि गुडघे दुमडून टाचाही पाण्यातूनच वर आणायच्या. दोन्ही हालचाली उलट्या दिशेने पाण्याला अडतात, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात वेग चढतो आणि लगेच पडतो. वरच्या पातळीवर फरक किती, तर पान झान्ल या चिनी जलतरणपटूने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत मारली. ब्रिटनच्या अ‍ॅडम पीटीची २०१९ मधली १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची विक्रमी वेळ ५६.८८ सेकंद होती. म्हणजे दहा सेकंदांहून जास्त अंतर, आणि दोन्ही वेळा त्या त्या वेळचे विश्वविक्रम.

खारा_वारा

धागाकर्त्याचं "मान वर काढून" हे वाक्य पकडतो. ती सवय ब्रेस्टस्ट्रोकमध्येसुद्धा सोडा. पूर्ण वेळ मान वर ठेवली की कमरेत बाक येतो, मग मानेचं आणि पाठीचं दुखणं मागे लागतं. लाथ मारताना डोकं हातांच्या मध्ये, पाण्यात. घसरून घ्या, मग वर या.

जुनी_पट्टी

झकास धागा. इतिहासाची बाजू मी लिहितो, कारण या पद्धती अशाच का आहेत हे त्यातून कळतं. लांब होईल, चालवून घ्या.

एकोणिसाव्या शतकात युरोपात पोहणं म्हणजे मुख्यतः ब्रेस्टस्ट्रोक किंवा कुशीवर पोहणं. १८४४ मध्ये लंडनमध्ये उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे जमातीच्या दोघांची शर्यत लावली गेली. त्यांची नावं इंग्रजीत फ्लाइंग गल आणि टोबॅको अशी नोंदली आहेत. ते हात पाण्याबाहेर काढून पुढे टाकत आणि पाय वरखाली आपटत पोहले, आणि प्रेक्षकांना माहीत असलेल्या पोहण्यापेक्षा बरेच वेगाने. बघणाऱ्यांना ते रांगडं वाटलं. एवढे शिंतोडे! सभ्य माणूस असा पोहतो का! वेग डोळ्यांसमोर असूनही ती पद्धत त्यांनी उचलली नाही. १८७५ मध्ये मॅथ्यू वेबने इंग्लिश खाडी पोहून पार केली ती ब्रेस्टस्ट्रोकनेच, २१ तास ४५ मिनिटांत.

दरम्यान जॉन ट्रजन नावाच्या इंग्रजाने दक्षिण अमेरिकेत पाहिलेली हात पाण्याबाहेर काढायची पद्धत १८७३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये करून दाखवली. पाय मात्र जुन्या वळणाचे. बरीच वर्षं हीच वेगवान पद्धत मानली जायची. पाय वरखाली मारायची जोड मिळाली ती ऑस्ट्रेलियात. तिथलं कॅव्हिल कुटुंब आणि सॉलोमन बेटांवरून आलेला अ‍ॅलिक विकम यांच्या पोहण्यातून ती पसरली आणि 'ऑस्ट्रेलियन क्रॉल' हे नाव पडलं. पॅसिफिकच्या बेटांवर ही लाथ आधीपासून होतीच, नाव तेवढं ऑस्ट्रेलियाचं झालं. पुढे हवाईचा ड्यूक काहानामोकू १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटर जिंकला आणि १९२२ मध्ये जॉनी वाइसमुलरने १०० मीटर एका मिनिटाच्या आत आणली. त्यानंतर वाद संपला.

बटरफ्लायची गोष्ट त्याहून गमतीची, कारण ती नियमातल्या फटीतून जन्मली. ब्रेस्टस्ट्रोकच्या नियमात हात एकत्र हलवा असं होतं, पाण्यातूनच पुढे आणा असं नव्हतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत काही जणांनी हात हवेतून पुढे टाकायला सुरुवात केली, पाय बेडकाचेच. साधारण त्याच काळात आयोवा विद्यापीठात डेव्हिड आर्मब्रस्टर हे प्रशिक्षक आणि जॅक सीग हा पोहणारा यांनी दोन्ही पाय जोडून डॉल्फिनसारखी लाथ बसवली. ती नियमात बसेना. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपर्यंत ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत बहुतेक जण बटरफ्लायचे हात मारत होते. म्हणजे ब्रेस्टस्ट्रोक ऑलिंपिकमधूनच हद्दपार व्हायची वेळ आली. शेवटी दोन पद्धती वेगळ्या केल्या आणि १९५६ च्या मेलबर्नपासून बटरफ्लाय ही स्वतंत्र शर्यत झाली.

त्याच मेलबर्नमध्ये जपानच्या मासारू फुरुकावाने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा बराचसा भाग पाण्याखालूनच पोहून सुवर्ण घेतलं! मग नियम आला की डोकं पाण्यावर आलंच पाहिजे. पोहण्याचं नियमपुस्तक म्हणजे कुणीतरी शोधलेल्या पळवाटांची यादीच आहे.

मीनाक्षी_नाही_मीन

जुनी_पट्टी, साष्टांग. पाण्याखालून वेग जास्त कसा येतो पण? वर हवा आहे, खाली सगळीकडे पाणीच.

जुनी_पट्टी

पृष्ठभागावर पोहताना आपण लाटा उठवतो. त्या उठवायला आपलीच शक्ती जाते. पुरेसं खाली गेलं की लाट उठत नाही, तेवढा विरोध वाचतो. म्हणून भिंतीला रेटा देऊन, हात डोक्यावर जोडून डॉल्फिनची लाथ मारत जाणं हे वर पोहण्यापेक्षा वेगवान पडतं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये डेव्हिड बर्कॉफ आणि दाइची सुझुकी १०० मीटर बॅकस्ट्रोकची सुरुवातीची लांबी अर्ध्याहून जास्त पाण्याखालूनच गेले. सुझुकीला सुवर्ण, बर्कॉफला रौप्य. लगोलग मर्यादा आली. आज बॅकस्ट्रोक, बटरफ्लाय आणि फ्रीस्टाइलमध्ये सुरुवातीनंतर आणि प्रत्येक वळणानंतर १५ मीटरच्या आत डोकं वर यावं लागतं.

ब्रेस्टस्ट्रोकला ही मर्यादा नाही. तिथे पाण्याखाली हातांचा एक पूर्ण फेरा, डॉल्फिनची एकच लाथ आणि मग ब्रेस्टस्ट्रोकची एक लाथ एवढीच मुभा आहे.

काठावरचा

भारी चाललंय. मध्येच एक मूर्ख प्रश्न. फ्रीस्टाइल म्हणजे मोकळी पद्धत, तर त्या शर्यतीत बटरफ्लाय मारली तर चालते का?

खारा_वारा

चालते. फ्रीस्टाइलच्या शर्यतीत कुत्र्यासारखे हातपाय मारत गेलात तरी बाद होणार नाही, फक्त शेवटचे याल :) क्रॉल (आपण एरवी जिला फ्रीस्टाइल म्हणतो ती) सर्वात वेगवान, म्हणून सगळे तीच मारतात. अपवाद मेडलेचा, म्हणजे एकाच शर्यतीत चारही पद्धती पोहायच्या त्या प्रकाराचा. तिथे फ्रीस्टाइलच्या टप्प्यात बाकीच्या तीन पद्धती चालत नाहीत.

जाता जाता, एकट्याच्या मेडलेत क्रम बटरफ्लाय, बॅक, ब्रेस्ट, फ्री. चौघांच्या रिलेत मात्र बॅकस्ट्रोक आधी. कारण बॅकस्ट्रोकची सुरुवात पाण्यातूनच होते. मधल्या टप्प्यात ठेवली तर आधीचा पोहणारा भिंतीला येतोय आणि पुढचा तिथेच लटकलाय, असा घोळ होईल.

उताणा

बॅकस्ट्रोकबद्दल कुणीच धड लिहीत नाहीये, म्हणून आयडीला जागतो.

काठावरचा, तुमच्यासारख्यांनी फ्रीस्टाइलच्या जोडीने हीच शिकावी. तोंड कायम बाहेर, श्वासाची धास्ती नाही, आणि अंग कुशीवरून कुशीवर वळवायची सवय लागते. फ्रीस्टाइलमध्ये नेमकं तेच हवं असतं. लोक बॅकस्ट्रोक बिघडवतात दोन ठिकाणी. एक म्हणजे बसतात. कंबर दुमडून, हनुवटी छातीला लावून आपलेच पाय बघत जातात. कान पाण्यात बुडाले पाहिजेत, बेंबी वर. दुसरं म्हणजे हात डोक्याच्या मागे ओलांडून पलीकडे टाकतात, मग सगळं अंग नागमोडी जातं. हात खांद्याच्या रेषेत, करंगळी आधी पाण्यात.

नाकात पाणी जातं अशी तक्रार असते. नाकातून हलकेच हवा सोडत राहा, जात नाही.

भिंत दिसत नाही ही खरी भीती. त्यासाठी मोठ्या तलावांवर दोन्ही टोकांना भिंतीपासून ५ मीटरवर पताका टांगलेल्या असतात. पताका दिसल्यापासून भिंतीपर्यंत आपले किती हात होतात ते एकदा मोजून ठेवायचं. जिथे पताका नसतील तिथे शेवटी एक हात डोक्यामागे लांब ठेवून नुसते पाय मारत या. टाळकं शेकून घेण्यापेक्षा बरं.

निरंजना

+१. पाठदुखीवाल्यांना बॅकस्ट्रोक बहुतेकदा मानवते, असा आमच्या गटाचा अनुभव आहे.

हाडवैद्य

दुखण्याचा विषय निघालाच आहे तर. ब्रेस्टस्ट्रोकच्या लाथेत पाय बाहेर फाकून झटक्याने आत येतात, त्याचा ताण गुडघ्याच्या आतल्या बाजूवर पडतो. ज्यांची गुडघ्याची तक्रार आहे त्यांनी ही लाथ रुंद मारू नये. गुडघे फार न फाकवता टाचा बाहेर काढाव्यात. तरी दुखलं तर पद्धत बदलावी. फ्रीस्टाइल आणि बटरफ्लायवाल्यांचा खांदा जातो. त्यात बऱ्याचदा वाटा असतो अंग न वळवता नुसता खांद्यातून हात फेकण्याचा, आणि एकदम अंतर वाढवण्याचा. पंजाला पॅडल (तळहातावर बांधायच्या सपाट पट्ट्या) लावून सुरुवात करणाऱ्यांनी तर जरा थांबावंच.

मीनाक्षी_नाही_मीन

बटरफ्लाय शिकावी का हो? फार सुंदर दिसते.

खारा_वारा

दुसऱ्याने मारलेली.

पाणसळ

शिकावी, पण हातांपासून नको. छाती दाबून कंबर वर येऊ द्यायची, ती लाट पायांपर्यंत जाऊ द्यायची. हे जमेपर्यंत हात पुढे नुसते लांब ठेवायचे. एका फेऱ्यात दोन लाथा: एक हात पाण्यात शिरताना, दुसरी हात मागे ढकलून बाहेर पडताना. लोक दुसरी विसरतात आणि मग हात पाण्याबाहेर निघतच नाहीत. ताकदीचा प्रश्न फार पुढचा.

गाळ_आणि_शेवाळ

थोडा वेगळा सूर लावतो. चार पद्धती, विक्रम, पळवाटा, सगळं छान. पण हा सगळा स्पर्धेचा चष्मा आहे. माणसाला पाण्यात जिवंत राहायला जे लागतं त्यात यातलं फार थोडं येतं.

मुलांना थेट फ्रीस्टाइलचे हात शिकवतात. लांबी पार केली की "पोहता येतं" असं जाहीर. त्याच मुलाला खोल पाण्यात मध्येच थांबायला सांगा, जमत नाही. माझ्या मते क्रम असा हवा: आधी उताणं तरंगणं, मग पाण्यात जागच्या जागी उभं राहणं, मग पालथ्याचं उताणं आणि उताण्याचं पालथं होणं, आणि मग वाटेल ती पद्धत.

उभं राहण्यासाठी वॉटरपोलोचे (पाण्यातल्या चेंडूच्या खेळाचे) खेळाडू जे पाय मारतात ते शिकण्यासारखे आहेत. खुर्चीत बसल्यासारख्या मांड्या ठेवायच्या आणि दोन्ही पाय गुडघ्यापासून खाली आळीपाळीने गोल फिरवायचे, एक रवी इकडे आणि एक तिकडे घुसळावी तसे. सतत एक पाय पाणी दाबत असतो, म्हणून माणूस हिंदकळत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. जोडीला हातांनी वल्हवणं: तळवे थोडे तिरके करून आत-बाहेर, पाण्याच्या पातळीखालीच. हात पाण्यावर आपटले की उलट खाली जातो आपण.

आणि कुशीवर पोहणं. स्पर्धेत नाही म्हणून कुणी शिकवतच नाही. एक कान पाण्यात, तोंड बाहेर, पाय कात्रीसारखे उघडून मिटायचे आणि मग निवांत घसरायचं. धाप लागत नाही, आजूबाजूचं दिसतं, एक हात मोकळा सोडता येतो. बुडणाऱ्याला ओढून आणताना म्हणूनच ती वापरली जाते.

पाणसळ

गाळ, तरंगणं आधी याच्याशी सहमत. पण पद्धती म्हणजे नुसती स्पर्धा हे पटत नाही. फ्रीस्टाइल नीट आली की माणूस कमी दमतो, आणि न दमणारा माणूस कमी बुडतो.

गाळ_आणि_शेवाळ

शांत पाण्यात, पट्ट्या आखलेल्या असताना. लाटेत चष्मा निसटल्यावर तुमची नजर-तळाकडे काय कामाची?

खारा_वारा

दोघंही बरोबर आहात, पण गाळचं पारडं थोडं जड. मी उघड्या पाण्यात पोहतो. तिथे दर थोड्या हातांनी डोळे मगरीएवढे वर काढून दिशा बघावी लागते, आणि अधूनमधून ब्रेस्टस्ट्रोकवर यावं लागतं. तलावातली सुबक फ्रीस्टाइल तशीच्या तशी तिथे चालत नाही.

हाडवैद्य

दोन धोक्याच्या गोष्टी इथे असायलाच हव्यात.

पाण्याखालून लांब जायची पैज मुलं लावतात, आणि बुडी मारण्याआधी भराभरा खोल श्वास घेतात. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. पाणसळ यांनी वर लिहिलंच आहे की श्वासाची ओढ त्या वायूमुळे लागते. ती लागतच नाही आणि पोरगं पाण्याखाली कुठलीही सूचना न मिळता बेशुद्ध होतं. चांगले पोहणारे यात जातात, कारण पैज तेच लावतात. पोरांना हे स्पष्ट बजावा, आणि पाण्याखालचा सराव एकट्याने कधीच नको.

दुसरं, बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही. हातही हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीशी वरखाली होत असतं, डोकं मागे कललेलं, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत. श्वासच पुरत नाही तर आवाज कुठून काढणार? लांबून खेळतोय असं वाटतं. शंका आली की "ठीक आहेस ना?" म्हणून हाक मारा. उत्तर आलं नाही तर जीवरक्षकाला बोलवा आणि काठावरून काठी, दोरी, फुगा, जे असेल ते द्या. प्रशिक्षण नसताना समोरून जाऊन धरायला जाऊ नका, तो तुम्हालाच खाली दाबतो.

निरंजना

हे वरती चिकटवून ठेवायला हवं.

काठावरचा

सगळ्यांचे आभार. नुसते बुडबुडे आणि नजर तळाकडे, एवढ्या दोन गोष्टी करून बघितल्या. पाय जवळजवळ सोडून दिले. काठ आला तेव्हा धाप होती, पण बोलता येत होतं. परत निघालोसुद्धा. शिकवणाऱ्यांना सांगितलं नाहीये.

पुढचा प्रश्न: श्वास एकाच बाजूला घेतोय, उजवीकडे. दोन्ही बाजू करायला हव्यात का? आणि घेताना अजून एखादा घोट पाणी जातंच.

पाणसळ

पाणी जातं कारण मान उचलताय. वळवायची, उचलायची नाही. पुढे सरकणाऱ्या डोक्याच्या बाजूला पाण्यात एक खळगा पडतो, तोंड त्या खळग्यात उघडायचं. एक डोळा पाण्यातच राहिला तर समजा जमलं. आणि पुढचा हात त्या वेळी लांबच राहू दे. तो घाईने खाली दाबला की आधार जातो आणि तोंडही खाली जातं. बहुतेकांचा घोट तिथेच होतो.

दोन्ही बाजूंचं म्हणाल तर सरावात हो. दर तीन हातांनी घेतला की बाजू आपोआप बदलते, अंग दोन्हीकडे सारखं वळायला लागतं. पण तीन हात तुम्हाला आत्ता लांब वाटतील. मग एक लांबी उजवीकडे, परतताना डावीकडे, असं करा.

खारा_वारा

आणि पुढे उघड्या पाण्यात गेलात तर डावी बाजू लागेलच. लाट उजवीकडून असली की तिकडे तोंड उघडायची सोय नसते.

उताणा

दमलात की उताणे व्हा, काठ शोधू नका. दहा हात बॅकस्ट्रोक, श्वास जागेवर आला की पुन्हा पालथे. त्या शेजारच्या पट्टीतल्या काकांना जरा नीट बघा, ते बहुधा हेच करत असतील.

काठावरचा

बघितलं. हेच करतात.